किफ्त ते कुसैर

इजिप्तच्या सहलींचे आपल्याकडचे कार्यक्रम बहुतेक एकाच साच्यातले असतात. कैरो आणि पिरॅमिड, मग अस्वान ते लक्झर नाईलवरची क्रूझ, वाटेत देवळं, थडगी, आणि शेवटी तांबड्या समुद्राच्या काठी हुर्गादाला दोन-तीन रात्री. त्या रात्रींपुढे ‘आराम’ असं छापलेलं असतं. लक्झरहून निघालेली बस डुलक्या काढता काढता मधलं वाळवंट पार करते आणि माणसं थेट स्विमिंग पूलपाशी उतरतात. आम्ही दोघांनी असे दोन-चार कागद जेवणाच्या टेबलावर पसरले, तेव्हा नवऱ्याने नाईल आणि समुद्र यांच्यामधल्या कोऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘‘इथून माल कसा जायचा?’’

त्याची सगळी नोकरी क्लिअरिंग-फॉरवर्डिंगमध्ये गेली. नकाशा उघडला की त्याला आधी बंदर दिसतं आणि मग बंदरातून आत जाणारा रस्ता. मी कल्याणला शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे माझं लक्ष देवळांवर, लेखांवर, कोणत्या राजाने कोणाचं नाव खोडलं यावर. एरवी आमच्या आवडी समांतर चालतात, पण त्या प्रश्नाने आमची सहल ठरली. लक्झरहून झोपेत हुर्गादा गाठायचं नाही. नाईलकाठच्या किफ्तवरून वादी हम्मामात या कोरड्या नदीच्या दरीतून समुद्रकाठच्या कुसैरला उतरायचं आणि मग किनाऱ्याने वर हुर्गादाला जायचं. किफ्त म्हणजे ग्रीकांचं कॉप्टोस, आणि हा रस्ता किमान चार हजार वर्षं चालता आहे.

लक्झरमध्ये सगळे जे पाहतात ते आम्हीही पाहिलं. कर्नाकच्या मंडपात १३४ खांब आहेत, आणि त्यांच्यामधून चालताना मान आपोआप वर जाते, एवढंच सांगते. त्यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला थांबायचंय ते नदीपलीकडे, देर अल-बहारीला, हातशेप्सुतच्या देवळात.

इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात या राणीने पुंत नावाच्या देशाकडे गलबतं धाडली. ऊद, धूप, हस्तिदंत, माकडं आणि गंधरसाची मुळांसकट उपटलेली झाडं घेऊन ती परत आली. ही सगळी सफर मधल्या मजल्यावरच्या भिंतीवर कोरलेली आहे. गाईड मंडळी राणीच्या खोडलेल्या चेहऱ्यांची गोष्ट सांगून पुढे सरकतात, पण तुम्ही गलबतांच्या खाली बघा. तिथे पाणी आहे, नागमोडी रेषांचं, आणि पाण्यात जीव आहेत. नवरा दोरखंड आणि शिडं बघत होता, मी गुडघ्यांवर बसले होते. लांब मिशांची शेवंड. माकूळ. कासव. कपाळावर शिंगासारखा उंचवटा असलेला एक मासा. नुसती ‘मासा’ म्हणून काढलेली चित्रं नाहीत ही, जात ओळखू येईल अशी आहेत, आणि प्राणिशास्त्रज्ञांनी त्यातल्या बऱ्याच जाती तांबड्या समुद्रातल्या म्हणून ओळखल्याही आहेत. समुद्र इथून दीड-दोनशे किलोमीटरवर, मध्ये नुसते कातळ. तरी कोणीतरी त्या बंदरावर उभं राहून, जाळ्यात आलेलं नीट न्याहाळून, ते या डोंगराच्या पोटाशी आणून कोरलं. रंग जवळजवळ उडालेत. शेवंडीच्या मिशा मात्र अजून स्वच्छ दिसतात, छिन्नीची एकेक रेघ वेगळी.

मला तिथेच कळलं की वाळवंट आणि समुद्र हे या सहलीचे दोन भाग नाहीत. छापील कार्यक्रमाने ते तोडलेत. ज्याने देऊळ बांधलं त्याच्या डोक्यात ते एकच होतं.

परतताना मेम्नॉनचे पुतळे लागले. खरं तर तिसऱ्या आमेनहोतेपचे, पण ग्रीकांनी दिलेलं नाव चिकटलं. इसवी सनापूर्वी २७ साली भूकंपात उत्तरेकडचा पुतळा फुटला आणि त्यानंतर पहाटे ऊन पडलं की त्यातून आवाज यायचा. तो ऐकायला रोमन प्रवासी लांबून यायचे. इसवी सन १३० मध्ये सम्राट हेड्रियन आणि त्याची बायको सबायना आले. सबायनाच्या सोबत आलेल्या जूलिया बाल्बिला या कवयित्रीने पुतळ्याच्या पायावर ग्रीक कविता कोरून घेतल्या, त्या अजून आहेत. पहिल्या दिवशी पुतळा बोललाच नाही, असंही त्यातल्या एका कवितेत आहे. इतिहासात त्या नवरा-बायकोचं फारसं पटत नव्हतं असं म्हणतात. पण दोघं पहाटे उठून इथवर आली होती, एवढं तर दगडावर लिहिलेलं आहे. मला ते आवडलं.

किफ्त सोडलं की हिरवा रंग एकाएकी संपतो. ऊस, केळी, पाण्याचे पाट, आणि लगेच पुढे काहीच नाही. समुद्रापर्यंत पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. सहारा म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतात तशा वाळूच्या टेकड्या इथे नाहीत. पूर्वेकडचं हे वाळवंट डोंगराळ आहे, उघडा कातळ, काळपट, तांबूस, कुठे हिरवट. रस्ता कोरड्या नदीच्या पात्रातून वळणं घेत जातो. माथ्यांवर मधूनच दगड रचलेले चौकोनी बुरूज दिसतात. रोमन काळातले टेहळणीचे आहेत, एकातून पुढचा दिसेल असे, सगळ्या रस्त्यावर मिळून साठाहून अधिक.

हम्मामातच्या खिंडीत गाडीतून उतरलो. इथला हिरवट काळा दगड फॅरोंना पुतळ्यांसाठी आणि शवपेट्यांसाठी हवा असायचा, आणि तो न्यायला आलेल्यांनी कड्यांवर शेकडो लेख ठेवलेत. चौथ्या रामसेसच्या मोहिमेचा लेख आठ हजारांवर माणसांची यादी देतो आणि त्याच हिशोबात ९०० मेलेल्यांचीही नोंद करतो. मी हे शाळेत कधी शिकवलं नव्हतं. पिरॅमिड किती उंच, हे शिकवलं होतं.

पण नवऱ्याला गाठ पडली ती हेनूची. इसवी सनापूर्वी सुमारे २००० साली हा अधिकारी पुंतच्या सफरीसाठी ३,००० माणसं घेऊन याच वाटेने समुद्रावर गेला. त्याच्या लेखात आहे की वाटेत विहिरी खणल्या, आणि प्रत्येक माणसाला रोज दोन घडे पाणी आणि वीस पाव दिले. नवऱ्याने तिथल्या तिथे तोंडी हिशोब मांडला. दिवसाला ६,००० घडे, ६०,००० पाव. त्या काळी वाहतुकीला उंट नाहीत, म्हणजे गाढवं. गाढवांना पुन्हा पाणी. ‘‘अगं, जहाज बांधायचं लाकूडही नाईलवरूनच न्यायचं,’’ तो म्हणाला, ‘‘सुटं करून न्यायचं आणि तिकडे जोडायचं. म्हणजे आधी जहाज वाळवंटातून चालवायचं आणि मग समुद्रात!’’ त्याचा आवाज चढला होता. नोकरीत असताना त्याला रात्री बेरात्री फोन यायचे, कंटेनर अडकला, कागद अपुरे. त्या कामाची गोष्ट घरी कोणी मन लावून ऐकली नाही, मीसुद्धा नाही. हम्मामातच्या कड्याखाली मी ऐकत होते.

कड्याच्या एका बाजूला लेखांच्याही आधीची, राजांच्याही आधीची चित्रं आहेत. त्यात होड्या आहेत, उंच नाळेच्या, वल्ह्यांच्या रेघा सरळ उभ्या. होडीचा इथे काय संबंध यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. धर्मविधी, परलोकाचा प्रवास, नुसती आठवण. मी बोट न लावता, वीतभर अंतरावरून, एक एक वल्हं पाहिलं.

पुढे रस्त्यालगत रोमन ठाण्यांच्या भिंती लागतात, मध्ये विहीर आणि भोवती तटबंदी. अशा ठाण्यांच्या उकिरड्यांत शाईने लिहिलेल्या खापऱ्या मोठ्या संख्येने सापडल्या. पपायरसचा कागद महाग, म्हणून फुटक्या मडक्यावर चिठ्ठी. त्यातल्या कितीतरी भाजीविषयी आहेत: भाजीची जुडी पाठवली आहे, मिळाली का कळव. साम्राज्याच्या टोकावर बसलेल्या शिपायाला हिरवं काहीतरी हवं असायचं. या वाटेने मिरी, मोती, मलमल गेली हे सगळे सांगतात. या चिठ्ठ्या वाचल्यावर ती नेणाऱ्यांची भूकही कळते.

आता कुठल्या मलमलीची गोष्ट, ते सांगते. रोमन काळात जहाजं जुलैच्या सुमारास इथून सुटायची, नैर्ऋत्य मोसमी वारे पकडून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर यायची आणि थंडीत उलट्या वाऱ्याने परतायची. भूगोलकार स्ट्रॅबो आपल्या काळात वर्षाला १२० जहाजं याच किनाऱ्यावरच्या मायोस होर्मोस बंदरातून भारताकडे जात असल्याचं लिहितो. त्यानंतर पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने या समुद्राची वाटाडी वही लिहिली. तिच्यात सोपारा आहे, कल्याण आहे, चौल आहे, आणि भडोचच्या बंदरात गाड्यांतून माल पाठवणारी पैठण आणि तेर ही गावं आहेत. कल्याणविषयी लिहिलंय की पूर्वी ते कायदेशीर बंदर होतं, पण आता अडवणूक होते आणि चुकून तिथे आलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. मी ज्या गावात आयुष्य काढलं, त्याची तक्रार इथे, या रस्त्यावरून ये-जा करणाऱ्या माणसांनी ऐकलेली असणार.

जकातीचे दोन कागद नवऱ्याने निघण्यापूर्वीच वाचून ठेवले होते. एक इसवी सन ९० चा, कॉप्टोसचा दगडात कोरलेला दरफलक. उंटाच्या परवान्याला एक ओबोल हे लहान नाणं, जहाजाच्या डोलकाठीला २० ड्राक्मा ही मोठी नाणी, प्रेतयात्रेलासुद्धा दर. दुसरा केरळातल्या मुझिरिस बंदरातून आलेल्या मालाच्या कर्जाचा पपायरस, व्हिएन्नात ठेवलेला, ज्यात वाळवंटातून कॉप्टोसपर्यंतची उंटांची वाहतूक, तिथल्या गोदामातली मोहोर, आणि एक चतुर्थांश जकात, सगळं आहे. पंचवीस टक्के ड्यूटी भरूनही धंदा परवडत होता, याचं त्याला फार अप्रूप. गोदामाला कोणाची मोहोर आणि कोणाचं कुलूप, हा वाद त्याने नोकरीभर केला होता.

कुसैर दिसतं तेव्हा आधी निळी रेघ दिसते, मग गाव. लहान, शांत, थोडं थकलेलं. लाकडी जाळीच्या सज्जांची जुनी घरं, मध्यभागी सोळाव्या शतकातला तुर्की किल्ला, आणि विसाव्या शतकात फॉस्फेट काढायला आलेल्या इटालियन कंपनीच्या इमारती. वरच्या इजिप्तचे हजयात्री शतकानुशतकं इथूनच पलीकडे जायचे. १८६९ साली सुएझ कालवा उघडला आणि गावाचा व्यापार गेला.

याच किनाऱ्यावर १८०१ च्या उन्हाळ्यात जनरल बेअर्डची फौज उतरली. नेपोलियनने मागे ठेवलेल्या फ्रेंचांशी लढायला इंग्रजांनी ती हिंदुस्थानातून आणली होती, आणि तिच्यात मुंबई इलाख्याच्या पायदळाचे शिपाई होते. त्या काळी मुंबईच्या पलटणींत कोकणातली भरती मोठी. आम्ही गाडीतून आलो ती वाट ती माणसं उलट्या दिशेने, नाईलकाठच्या केनाकडे, उन्हामुळे रात्रीची चालत गेली. तोफांसमोर उभं राहायच्या आधी पाण्याची लढाई. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला सांगता येत नाही, याचं वाईट वाटतं. किल्ल्याच्या बुरुजावर बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. पाण्याकडे पाठ करून वाळवंटाकडे बघत होतो.

जुनं बंदर गावाच्या उत्तरेला आठ किलोमीटरवर आहे, कुसैर अल-कदीम. हेच स्ट्रॅबोचं मायोस होर्मोस. एका बाजूला रिसॉर्टच्या बोगनवेली आणि छत्र्या, समोर मातीचं टेकाड आणि गाळाने बुजलेली खाडी. प्राचीन स्थळ आणि आरामाचा किनारा यांच्यामध्ये फक्त डांबरी रस्ता. हॉटेलातून पाहायला येणारं त्या दिवशी दुसरं कोणी नव्हतं. बघायला तसं काही नाहीच: उंचसखल जमीन, खापऱ्या, शिंपले. पण शिकागो विद्यापीठाने १९७८ पासून आणि साउदॅम्प्टन विद्यापीठाने १९९९ पासून इथे खणलं, तेव्हा तमिळ ब्राह्मीत कोरलेली नावं निघाली, प्राकृतात लिहिलेली खापरी निघाली, नारळ निघाला, मिरी निघाली, जुन्या जहाजांच्या सागवानी फळ्या निघाल्या, आणि भारतीय सुती कापडाच्या शिडांचे तुकडे. नंतरच्या, तेराव्या शतकाच्या आसपासच्या थरांत गुजरातेतलं छापील कापड. म्हणजे नुसता माल आला नव्हता. माणसं येऊन राहिली होती, वाऱ्याची वाट बघत, नारळ फोडत.

दक्षिणेकडचं बेरेनिके आम्हाला जमलं नाही. तिथल्या देवळाच्या अंगणात भारतीय मातीच्या रांजणात साडेसात किलो मिरी सापडली. सातवाहनांची दोन नाणीही तिथलीच, आणि २०२२ साली मिळालेली संगमरवरी बुद्धमूर्ती. ही मूर्ती भारतातून आणलेली नाही, तिचा संगमरवर इस्तंबूलजवळचा. कोणीतरी परदेशात राहून, परक्या दगडात, आपला देव घडवून घेतला. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना ही गोष्ट मी आवर्जून सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात उतरलो. इथे प्रवाळ अगदी किनाऱ्याला लागून आहे, म्हणून लाकडी धक्क्याच्या टोकापर्यंत चालत जायचं आणि खोल पाण्यात शिडीने उतरायचं. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही. लाइफ जॅकेट, तोंडावर मास्क, नवऱ्याने धरलेला हात. डोकं खाली घातलं आणि दोन-तीन मीटरवर भिंत सुरू झाली. जांभळी, पिवळी, तपकिरी, जागोजागी जिवंत, आणि तिच्या पलीकडे निळा रंग खाली खाली गडद होत गेलेला. पोपट मासे प्रवाळ कुरतडत होते आणि त्याचा कुर्रकुर्र आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येत होता. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सोहल आपली जागा राखत फिरत होता. आणि मग भिंतीच्या कडेने पाच-सहा करडे मासे आले, कपाळावर पुढे आलेलं शिंग. मी नवऱ्याचा हात जोरात दाबला. देर अल-बहारीच्या भिंतीवर तो मासा मी इतका वेळ पाहिला होता की ओळखायला क्षणही लागला नाही. शिंगाखालचं छोटं तोंड, शेपटीजवळचा निमुळता भाग, कोरणाऱ्याने सगळं बरोबर घेतलं होतं. पाण्याबाहेर आल्यावर मी त्याला सांगत सुटले, आणि या वेळी तो ऐकत होता.

कुसैरहून उत्तरेला जाताना, सफागाच्या अलीकडे, मर्सा गवासिस लागतं. पाटी शोधू नका, सापडण्यासारखं काही नाही. पण रस्त्याजवळच्या त्या कातळातल्या गुहांत २००० नंतरच्या दशकात जहाजांचे दोरखंड सापडले, सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीचे, वेटोळी घालून, मध्ये गाठ मारून, नीट रचून ठेवलेले. खलाशांनी पुढच्या सफरीसाठी ठेवले होते. नवऱ्याने गाडी थांबवायला लावली आणि पाच मिनिटं नुसता त्या उतारांकडे बघत उभा राहिला. सामान आवरून ठेवणारा माणूस त्याला लगेच आपला वाटतो.

हुर्गादाविषयी थोडक्यात. मासेमारीची वस्ती १९८० नंतर वाढत वाढत किलोमीटरच्या किलोमीटर हॉटेलांची रांग झाली, आणि पुष्कळ ठिकाणी रस्त्यावरून समुद्र दिसतही नाही. किनारे करायला उथळ प्रवाळावर भराव टाकले गेले, ते नुकसान भरून येणारं नाही. १९९२ पासून हेप्का ही संस्था तिथे बोटींसाठी पाण्यात बोये बसवते, म्हणजे नांगर प्रवाळावर पडत नाही. त्या कामाला माझा मनापासून नमस्कार. जेवण चांगलं, खोली चांगली. आराम हवा असेल तर मिळतो. पण इजिप्तमध्ये समुद्रासाठी दोनच रात्री हातात असतील तर त्या कुसैरला द्याव्यात, आणि लक्झरहून जाताना ड्रायव्हरला हम्मामातच्या रस्त्याने न्यायला सांगावं. परवानगीची चौकशी आधी करून ठेवावी आणि गाडी उजाडता निघावी, कारण दुपारच्या उन्हात कोरीव रेघा दिसत नाहीत.

घरी आल्यापासून आमचे रविवार बदललेत. नालासोपाऱ्याला बुरुड राजाच्या कोटात जाऊन आलो, जिथे भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली स्तूप उघडला. कार्ल्याला खांबांवरचे यवनांच्या, म्हणजे त्या काळच्या ग्रीक म्हणवणाऱ्या परदेशी लोकांच्या, देणग्यांचे लेख पाहिले. मी कितीदा मुलांना घेऊन गेले होते, पण लेखातल्या धेनुकाकट गावच्या त्या यवनाने इथवर येताना कोणत्या विहिरीचं पाणी प्यालं असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. मग वैशाखऱ्याहून नाणेघाट चढलो. नवरा गुहेतल्या सातवाहन राणी नागनिकेच्या लेखापाशी थोडा वेळ थांबला आणि वरच्या दगडी रांजणापाशी पुष्कळ वेळ. त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात, त्याला काही लेखी आधार नाही. तरी त्याचं म्हणणं असं की बंदर, घाट आणि पठारावरचं शहर यांच्यामध्ये कुठेतरी नाकं असणारच, आणि ते कॉप्टोससारखं अरुंद जागीच असणार. हे मला पटतं.

आता तेर. तिथल्या लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, पॉम्पेईत १९३८ साली सापडलेल्या भारतीय मूर्तीशी फार जवळचं नातं सांगणारी. मला ती पाहायची आहे. नवऱ्याला तेरहून भडोचकडे गाड्या कोणत्या घाटाने जात असतील ते बघायचंय. धाराशिवची तिकिटं काढून झाली आहेत.